डाव्या पंखाची तार

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की मला माझ्या हातांची अडचण व्हायला लागते. मांडीवर ठेवले तर ते नुसते पडून राहत नाहीत, आणि काही काम द्यावं तर आता त्यांच्यात जोर नाही. बाहेर ऊनही असतं आणि ओलही असते. दोरीवरचं धोतर दिवसभर वाळत नाही आणि अंगातला सदरा मात्र तासाभरात भिजतो. बाजारात अळू, गवार, कारली, लाल भोपळा यांचे ढीग लागतात. गोदेचं पाणी ओसरू लागलेलं असतं, पायऱ्यांवर गाळ राहिलेला असतो, आणि रामकुंडावर गावोगावची माणसं डोकी भादरून, गुडघे जवळ घेऊन बसलेली असतात. माझी सून म्हणते, "बाबा, या पंधरा दिवसांत तुम्ही फार चिडचिड करता." करतो. सत्तरी उलटलेल्या माणसाला तेवढी मोकळीक असावी.

काल दुपारी ओझरच्या बाजूने एक विमान इतकं खालून गेलं की फडताळातल्या वाट्या किणकिणल्या. सून कौतुकाने अंगणात धावली. मी जागचा हललो नाही. वर बघायचं मी फार वर्षांपूर्वी सोडून दिलं. आवाज मात्र ऐकतो, आणि ऐकताना मनात येतं की ज्या जमिनीवरून हे उठलं तिथे कोणीतरी कारागीर फडक्याला हात पुसत उभा असेल. आपण सगळं नीट केलं ना, असं तो स्वतःला विचारतही नसेल. मीही विचारलं नव्हतं.

मी तांबटाचा मुलगा. आमच्या तांबट आळीत सकाळी डोळ्यांच्या आधी कान उघडत. पंचवीस-तीस हातोड्या एका वेळी पत्र्यावर पडत असत, आणि परका माणूस दोन मिनिटांत डोकं धरून बसे. आम्हाला उलट हातोड्या थांबल्या की दचकायला होई, कारण आळीत कोणी गेलं तरच त्या थांबायच्या. पितृपक्षात तर विचारायलाच नको. श्राद्धाला येणाऱ्यांना तामण हवं, पळी-पंचपात्री हवी, घागर हवी. आमचे वडील, म्हणजे अण्णा, त्या दिवसांत बसल्या जागेवरून उठत नसत. "मेलेल्यांच्या जिवावर आपली चूल पेटते बाई," असं आई म्हणायची आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घ्यायची.

या ठोक्यांना कंटाळून मी एकोणिसाव्या वर्षी मुंबई गाठली. छत्तीस-सदतीस सालचा तो काळ. विमान म्हणजे लोकांनी मान वर करून बघायची वस्तू. एक लहानशी कंपनी गावोगावच्या माळांवर आपलं विमान न्यायची आणि तिकीट घेणाऱ्याला दहा मिनिटं आकाशात फिरवून आणायची. तिथे मला हाताखालचा फिटर म्हणून घेतलं. माझे हात बघून घेतलं, असं मोठा फिटर म्हणायचा. मला तेव्हा या वाक्याचा फार अभिमान होता.

विमान दुपंखी होतं. एक पंख वर, एक खाली, मधे लाकडी खांब, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणाऱ्या तारा. प्रत्येक तारेच्या टोकाला एक पितळी पेच. तो फिरवला की तार ताणली जाते. यंत्राच्या थरथरीने हा पेच उलटा फिरू नये म्हणून त्याच्या मधल्या भोकातून तांब्याची बारीक, मऊ तार ओवायची आणि तिचे वेढे द्यायचे. याला आम्ही पेच बांधणं म्हणायचो. ही एवढीशी तांब्याची तार नसली तर पेच सैल होतो, मोठी तार सुटते, आणि पंख जातो. ते काम माझ्याकडे होतं.

विमान चालवायचे ते केकीसाहेब. पारशी, सत्तावीस-अठ्ठावीसचे, उंच, गालाला खळी पडणारे. त्यांच्या आईने मुंबईहून पाठवलेल्या नानखटाईच्या डब्यातली पहिली नानखटाई ते मला द्यायचे आणि म्हणायचे, "खा गोपाल, तू नीट राहिला तर मी नीट राहीन." माणसांना वर न्यायच्या आधी रोज सकाळी ते एकटे एक फेरी मारून येत.

माघातली एक सकाळ होती. खानदेशात एका जत्रेच्या गावाबाहेरचा माळ. साहेब वर गेले, रोजच्यासारखे डावीकडे वळले, आणि डाव्या बाजूचे दोन्ही पंख छत्री मिटावी तसे वर मिटले. मी धावलो. पोचलो तेव्हा जवळ जाता येत नव्हतं, इतकी आग होती. एवढंच सांगतो. बाकीचं सांगून कोणाचं भलं होणार नाही.

चौकशीला दोन साहेब आले. जळून उरलेल्या लोखंडाभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी मला बोलावलं.

"डाव्या बाजूच्या तारा कोणी ताणल्या?"

"मी."

"पेच बांधले होते?"

"हो साहेब."

दुसरं उत्तर माझ्या तोंडाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांचा कागद झाला आणि त्यावरून वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या, की जत्रेतल्या बघ्यांसमोर मिजास दाखवण्याच्या नादात वैमानिकाने फार खाली आणि फार जोरात वळण घेतलं. मला कोणी दोष दिला नाही. पाठीवर थाप मारून घरी पाठवलं.

आणि मला आठवत नव्हतं. उजवीकडचे पेच आठवत होते, वरचे आठवत होते. एका पेचाशी पक्कड निसटून बोट कापलं होतं, तो तर लख्ख आठवत होता. डाव्या बाजूचा, खालच्या पंखाच्या मुळाशी असलेला एक पेच मात्र आठवत नव्हता. त्या सकाळी तो मी बांधला होता की नव्हता? साहेबांचा जीव त्या एका गोष्टीवर होता, आणि माझ्या डोक्यात त्या जागी नुसतं भोक होतं.

आता वाटतं, माणसाला आपण केलेलं चांगलं काम आठवतच नाही. हात सरावाने करून मोकळे होतात. आठवतं ते चुकलेलं, टोचलेलं, रक्त आलेलं. तेव्हा हा विचार सुचला असता तर कदाचित चार घास गिळता आले असते. पण तो विचारही शेवटी खोटाच ठरला असता.

घरी येऊन मी पाच-सहा महिने नुसता बसलो. अण्णांच्या शेजारी बसायचो, पण हातोडी उचलत नव्हतो. आळीला वाटलं, पोराने मरण डोळ्यांनी बघितलंय, सावरेल. पावसाळा लागला, श्रावण उजाडला. एकदा जेवताना अण्णांचं माझ्या ताटाकडे लक्ष गेलं. माझी बोटं ताटाच्या कडेशी काहीतरी ओवत होती, गुंडाळत होती.

"काय बांधतोस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. जन्मात पहिल्यांदा सगळं सांगितलं. अण्णांनी पानातलं संपवलं, चूळ भरली, पंचाला हात पुसले आणि मग म्हणाले, "डोक्याला काय विचारत बसलास? हाताला विचार ना."

आमच्या आळीची ही जुनी रीत. एखाद्या भांड्याचा घाट वर्षानुवर्षं कोणी घडवलेला नसतो, आठवत नसतो. म्हातारे तांबट त्यावर विचार करत बसत नाहीत. ते कोरा पत्रा घेतात आणि पहिल्या ठोक्यापासून सुरू करतात. अडलेल्या जागेवर आलं की हात आपोआप पुढचा ठोका घालतो.

"सगळं विमान पहिल्यापासून कर," अण्णा म्हणाले. "लहान कर. पण सगळं कर. त्या जागेवर आलास की हात बोलेल."

"आणि नको ते बोलला तर?" आई आतून म्हणाली.

"तर निदान कळेल तरी."

माझ्या ट्रंकेत कंपनीच्या पुस्तकातला एक नकाशा घड्या पडून राहिला होता. फुटाला एक इंच असं माप धरलं. म्हणजे पंख तीन फुटांचे. नुसत्या खिळ्याला तार गुंडाळून मी आधीच बघितलं होतं, हात फसत नव्हता. त्याला पंखाची ओढ हवी होती, तारेचा ताण हवा होता, वाकून, मान वळवून त्या कोपऱ्यात शिरावं लागणं हवं होतं. म्हणून सगळं विमान.

बांबूच्या कामट्या आणि कागद आणायला मी गुलाबभाईंकडे गेलो. संक्रांतीचे पतंग करणारे, आमच्या आळीच्या मागेच घर. हकीकत ऐकून ते हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

"बेटा, श्रावणात बांबू कोणी घेतं का? आत्ता त्याच्या पोटात पाणी हाय. दिवाळीनंतर ये, वाळका देतो."

"तोवर मी नाही थांबू शकत चाचा."

"मग घे. पण तो तुझं ऐकनार नाय, सांगून ठेवतो."

त्याने खरंच ऐकलं नाही. आठ दिवस तासून, दिव्याच्या आचेवर वाकवून मी सांगाडा बांधला. नवव्या दिवशी ऊन पडलं आणि कामट्या वाळताना आपापल्या दिशेला निघाल्या. नाक एकीकडे, शेपूट दुसरीकडे. दोन ठिकाणी चिरा गेल्या. मी तो मोडला आणि पुन्हा केला. दुसऱ्या खेपेला कामट्या आईच्या चुलीवरच्या मांडणीत आठवडाभर धुरात ठेवल्या. आईने तेवढे दिवस तिखटाचे डबे खाली ठेवले आणि त्यावरून मला रोज ऐकवलं.

सांगाडा उभा राहिला तर कागद नडला. खळ लावून चिकटवलेला पतंगाचा कागद सकाळी ताठ असायचा आणि संध्याकाळच्या ओलीने म्हाताऱ्याच्या गालासारखा लोंबायचा. आई बघत होती. लुगड्याला खळ करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने भाताची पेज गाळून आणली आणि बोटांनी सगळ्या पंखावर हलकेच सारवली. वाळल्यावर कागद असा ताणला की टिचकी मारली तर डफासारखा बोलायचा. आम्ही दोघं त्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेज आणखी आकसली आणि पंख पिळलेल्या धुण्यासारखा वळला. आई त्याच्यापुढे बसून राहिली. "माझ्यामुळे झालं," एवढंच म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. का ओरडलो, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ज्या घरात एक माणूस दिवसरात्र माझ्यामुळे झालं का, माझ्यामुळे झालं का, असं मनात म्हणत असतो, तिथे दुसऱ्या कोणी ते मोठ्याने म्हणू नये, असं काहीतरी असावं.

तिसरे पंख उंदरांनी खाल्ले. खळीचाच वास. सकाळी बघतो तर नुसत्या कामट्या, आणि खाली कागदाचा भुगा. चौथ्या खेपेला अण्णांनी प्रेमाने पंखांमधले खांब पितळेचे करून दिले. इतके देखणे की देव्हाऱ्यात ठेवावेत. त्यांच्या वजनाने खालचा पंख तासाभरात मधेच मोडला. अण्णांनी ते परत घेतले आणि बांबूचे तासून दिले.

मधे गणपती आले, बसले, गेले. आळीतली पोरं, बायका, तामण घ्यायला आलेली गिऱ्हाइकं, जो तो दारात थबकायचा. "काय गोपाळ, उडालं का इमान?" कोणाला वाटायचं मला वेड लागलंय. मलाही अधूनमधून वाटायचं. नकाशाच्या घड्यांवर भोकं पडली होती. बोटांची टोकं सुरीने इतकी चिरली होती की आई मला घास कालवून द्यायची, मीठ लागू नये म्हणून. एकवीस वर्षांच्या घोड्याला.

पितृपक्ष लागला तेव्हा पाचवे पंख तयार होते. आणि तृतीयेच्या दिवशी चाकांच्या दांडीला डाख देऊन सांधा जोडताना भट्टीतली ठिणगी उडाली. वाळलेला कागद, वर पेजेचा थर. हूं की चूं न करता दोन्ही पंख आमच्या डोळ्यांदेखत जळून गेले. मी हात पुढे केला नाही. मागे सरकून भिंतीला टेकून उभा राहिलो. अण्णांनी उठून घागरभर पाणी ओतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू असाच उभा होतास का रे तिथं?"

"हो."

"किती लांब?"

"त्या भिंतीएवढं."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी आपलं काम बाजूला ठेवलं. ऐन पितृपक्षात. गिऱ्हाईक दारात आलं तर, "शेजारी विचारा," असं म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून सहावे पंख केले. हा माणूस माझ्याशी जन्मात इतका वेळ शेजारी बसून बोलला नव्हता, आणि बोलला तेही कामट्या आणि दोऱ्याबद्दलच. पण मला त्या चार-पाच दिवसांची किंमत आता कळते. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. भिजलेल्या बांबूचा वास आला की मला त्यांचा खोकला ऐकू येतो.

नवमीच्या दुपारी तारा ओढल्या. पेच अण्णांनी पितळेच्या नळीतून घडवले होते, लवंगेएवढे, आत खरे आटे पाडून. तांब्याची तार केसासारखी बारीक ओढून दिली होती. मी त्या माळावर करायचो त्याच क्रमाने निघालो. उजवीकडचे, वरचे, मग डावीकडचे. शेवटी पंखाखाली मान घालून त्या मुळाशी आलो. डोळे मिटले. हाताने तार ओवली. दोन वेढे दिले, पक्कडीने घट्ट आवळले, टोक कापलं, आणि कानशीच्या पाठीने त्यावरून घासलं. कुठे अडला नाही, कुठे थांबला नाही.

बांधला होता! मी बांधला होता! मी तसाच जमिनीवर बसलो आणि रडलो. आई धावत आली, तिला सांगितलं, तीही रडली. तिने देवापुढे साखर ठेवली आणि चिमूटभर माझ्या तोंडात घातली. सात महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली.

अण्णा पुढे आले. त्यांनी चष्मा वर केला, वाकले, आणि त्या पेचावरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग खूष होऊन म्हणाले, "वा. कुठं टोचत नाही."

साखर माझ्या तोंडात तशीच राहिली.

तांबटाच्या हाताला पहिल्यापासून एक शिकवण असते. भांड्याला कुठे टोक राहू द्यायचं नाही. घासताना बाईच्या हाताला लागेल, ओटीवरून उचलताना पोराला लागेल. डाख असो, कडी असो, तारेचा वेढा असो, जे बाहेर येईल ते कापायचं आणि घासून सपाट करायचं. कंपनीतल्या मोठ्या फिटरने मला पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं की पाच वेढे द्यायचे आणि टोक बोटाच्या पेराएवढं ठेवून मागे वाकवायचं. मला ते गबाळं वाटलं. त्या टोकांना बाह्या अडकायच्या. तो बघत असेपर्यंत मी तसं केलं, आणि त्याची पाठ वळली तसा माझ्या पद्धतीने करू लागलो. दोन घट्ट वेढे आणि गुळगुळीत. केकीसाहेब एकदा ते बघून हसले होते. "गोपाल, तू तर दागिना बनवतो," असं म्हणाले होते. त्यांना ते आवडलं होतं.

मी अण्णांना हे सांगितलं. मग विमान उचलून त्यांनी त्याचं बूड ऐरणीला लावलं, सगळ्यांत लहान हातोडी घेतली आणि ऐरणीवर हलके हलके ठोके घालायला सुरुवात केली. एका लयीत. भांड्याला घालतात तसे. यंत्राची थरथर त्यांनी कधी अनुभवली नव्हती, पण पत्रा थरथरला की काय काय सैल होतं ते त्यांच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? ऊन उंबऱ्यावरून सरकून पायरीवर गेलं. हळूहळू त्या कापलेल्या तारेचं टोक वर आलं. एक वेढा सुटला. मग दुसरा. पेच अर्धा फिरला आणि मोठी तार ढिली पडली.

मी शेजारचा पेच पुन्हा बांधला, पाच वेढे, टोक मागे वाकवून. दिवेलागणीपर्यंत अण्णा ठोकत राहिले. तो हलला नाही.

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. "टोक ठेवायचं नाही, हे मी शिकवलं तुला," ते म्हणाले. यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुमचा काय दोष, एवढं तरी. मी बोललो नाही. नंतर पुष्कळ वर्षं मिळाली, पण त्यात ते वाक्य कधी बसलं नाही, आणि आता राहिलं ते राहिलं.

कंपनीला मी पत्र लिहिलं. सर्वपित्रीपर्यंत वाट बघितली, उत्तर आलं नाही. मग मी म्हणालो की मुंबईला जाऊन साहेबांच्या आईला सांगतो. घरचा पत्ता मला पाठ होता, कारण त्यांची पत्रं मीच टपालात टाकायचो.

आई माझ्यापुढे दारात आडवी उभी राहिली. "तुला कोणी विचारलंय का? कोणी बोट दाखवलंय? त्या माउलीचा मुलगा यायचा आहे का परत? उगीच जखमेची खपली काढायला चाललास."

"आई, तिला सांगितलंय की तिच्या मुलाने मिजास केली. म्हणून मेला."

आई बाजूला झाली. अण्णांनी विमानाची डावी बाजू कापून एका जुन्या धोतरात बांधून दिली, तिला नीट दाखवता यावी म्हणून. उरलेलं आईने माळ्यावर टाकलं. उंदरांनी त्याचं पुढे काय करायचं ते केलं.

सर्वपित्री झाल्यावर दोन दिवसांनी मी त्या दाराशी उभा होतो. उंबऱ्यापुढे पारश्यांकडे काढतात तशी पांढरी रांगोळी. दार उघडलं त्या बाईंच्या गालाला तीच खळी होती, न हसताही दिसणारी.

"कोन तू?"

"गोपाळ. विमानाच्या कामावर होतो. नाशिकचा."

"गोपाल?" त्या म्हणाल्या. "केकी लिहायचा तुझा नाव."

मी दारातच सगळं सांगितलं. आत बसून सांगायची माझी लायकी नव्हती. साहेबांनी मिजास केली नाही, रोज वळायचे तसेच वळले. पेच सुटला. तो मी बांधला होता. वाईट बांधला होता. पेपरात छापलं ते खोटं आहे. एवढं बोलून मी हातातल्या गाठोड्याची गाठ सोडू लागलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सोडू दिली नाही.

"तो खेल नवता करत?"

"नाही."

"लोकांला हसवायला?"

"नाही बाई."

त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "सात महिना मी त्याला गाली देते. रोज दिवा लावते ने गाली देते. आईचा विचार नाय केला, तमाशा करायला गेला, मूरख, असा बोलते. कोनी थांबवला नाय मला." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आता ती सगली गाली मी काय करू? तुला देऊ?"

"द्या," मी म्हणालो.

त्यांनी दिल्या. गुजरातीत, आधी हळू, मग मोठ्याने, खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत. निम्म्या मला समजल्या, निम्म्या नाही. जिन्यावरची दारं उघडली, शेजारी डोकावले, एकजण मला धक्का देऊन बाहेर काढायला पुढे आला. बाईंनी त्याला हाताने परत पाठवलं आणि मधेच तुटलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्यांचं संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो.